तासाला कितीला पडलं?

भाच्याकडे एक शंभरपानी वही आहे. तो अकरावीत आहे आणि स्वतःच्या खाऊच्या पैशांतून गेम घेतो, म्हणून हिशेब ठेवतो. प्रत्येक गेमसमोर तीन रकाने: किंमत, खेळलेले तास, आणि तिसरा ‘ता. रु.’, म्हणजे तासाला रुपये. शेतीच्या एका गेमवर त्याने दोनशे तास नांगर चालवलाय. त्याचा ता. रु. अडीचच्याही खाली आलाय आणि त्या आकड्याभोवती चौकोन काढलाय.

वाढदिवसाला मी त्याला ‘अ शॉर्ट हाइक’ भेट दिला. जेवून खेळायला बसला तो चहाच्या वेळेला उठला. ‘‘मावशी, भारी होता. पण संपला ना!’’ वहीत किमतीच्या रकान्यात त्याने ‘भेट’ लिहिलं, तासांच्या रकान्यात दीड. तिसऱ्या रकान्यावर बराच वेळ पेन टेकवून बसला आणि शेवटी आडवी रेघ मारून टाकली.

*

भागाकाराला हसायचा मला काही अधिकार नाही. मी सबटायटल्स लिहिते आणि मला मिनिटावर पैसे मिळतात. नव्वद मिनिटांचा सिनेमा म्हणजे नव्वद मिनिटांचे पैसे, मग त्यात माणसं अखंड बडबडोत की समुद्राकडे बघत बसोत. एकदा एका ठिकाणच्या हिशेबनिसांनी फोन करून विचारलं, ‘‘मॅडम, ज्या मिनिटांत कुणी बोलतच नाही, ती वजा करायची ना?’’ सिनेमा एका मेंढपाळाचा होता. वजाबाकी झाली असती तर माझ्या हाती भाजीपुरते पैसे उरले असते. मी कडाकडा भांडले. गप्प बसलेल्या माणसाला गप्प राहू देणं हेही काम आहे वगैरे बरंच बोलले. तेव्हा मी विकणारी होते, या गेमच्या बाबतीत घेणारी आहे. घेताना मीही आधी लांबीच बघते, हे कबूल करून टाकलेलं बरं.

*

कोणते गेम, ते सांगायला हवं. ज्यात कुणाला मारायचं नसतं, गुण मिळत नाहीत, हरायची सोय बहुधा नसते. एक बेट असतं, नाहीतर एखादं घर, डोंगर. फिरायचं, बघायचं, चार वस्तू उचलायच्या, कुणी भेटलं तर बोलायचं. दोन-चार माणसांनी, कधी एकट्यानेच बनवलेले. तासाभरात किंवा तीन-चार तासांत संपणारे. यांना इंग्रजीत ‘वॉकिंग सिम्युलेटर’ हे नाव पडलं आणि ते काही लाडाने पडलेलं नव्हतं. नुसतं चालायचे पैसे कसले घेता, असा त्यातला सूर. पुढे तेच नाव दुकानातल्या फळीवरची पाटी झालं.

मी आपली त्यांना शतपावली म्हणते. शतपावली कुणी मोजून घालत नाही. (हल्ली मनगटावरची घड्याळं मोजतात. असो.)

*

या प्रकाराची सुरुवात कुठून धरायची यावर वाद घालता येईल. मी ‘डिअर एस्थर’पासून धरते. २००८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी संशोधनाचा भाग म्हणून तो केला. बंदुकीच्या गेममधून बंदूक काढून घेतली, शत्रू काढले, कोडीही काढली, तर मागे काय उरतं, हे बघायचं होतं. सांगाडा ‘हाफ-लाइफ २’ या गाजलेल्या बंदुकीच्या गेमचाच. उरलं ते स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांतलं एक ओसाड बेट, वारा, आणि पत्रं वाचणारा एका माणसाचा आवाज. त्यातली पत्रं दर वेळी तीच येतील असं नाही. काही तुकडे चिठ्ठी काढल्यासारखे निवडले जातात, त्यामुळे तुम्ही ऐकलेली गोष्ट आणि मी ऐकलेली गोष्ट तंतोतंत जुळत नाही.

तेव्हा तो फुकट होता. मग रॉबर्ट ब्रिस्को या चित्रकाराने सगळं बेट नव्याने घडवलं, जेसिका करी यांनी आपलं संगीत नव्याने बांधलं, आणि १४ फेब्रुवारी २०१२ ला तो दहा डॉलरला विकायला ठेवला. पहिल्या दिवसाच्या आतच गुंतवलेले पैसे वसूल झाले. म्हणजे चालायचे पैसे द्यायला माणसं तयार होती. तक्रारी आल्या त्याही याच माणसांच्या.

यात पळता येत नाही. पळायचं बटणच नाही. पहिल्यांदा मी सगळी बटणं दाबून बघितली, मग चिडले, मग कड्याच्या कडेने चालता चालता कधीतरी चिडणं थांबलं. नेमकं कुठे ते आठवत नाही. गुहेच्या आधी, एवढं नक्की.

*

‘गॉन होम’ परत खेळले.

७ जून १९९५. मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर धो धो पाऊस आणि विजा. केटी ग्रीनब्रायर ही मुलगी वर्षभर युरोप फिरून अमेरिकेत ऑरेगनमधल्या घरी येते, तर घरात कुणी नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची, चिठ्ठी: मी कुठे आहे ते शोधत बसू नकोस. आपण पुढचे दोन-तीन तास दुसरं काहीच करत नाही.

केटी गावाला गेलेली असताना घरच्यांनी घर बदललंय. हा जुना वाडा वारशाने आलेला. त्यामुळे तिला तो जितका परका तितकाच आपल्यालाही. पहिल्याच पावलाला आपण तिच्या बुटात उतरतो आणि कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरज उरत नाही. इतकी साधी युक्ती, पण भल्याभल्या कादंबरीकारांना यासाठी दोन प्रकरणं खर्ची घालावी लागतात.

मी प्रत्येक खोलीत शिरताना दिवा लावला आणि बाहेर पडताना बंद केला. गेममध्ये विजेचं बिल येत नाही हे माहीत असूनही. मग एक चिठ्ठी सापडली. तीत वडील सॅमवर रागावलेत की घरभर दिवे लावून ठेवतेस, अगदी ताईवर गेलीस. मी एकटीच मोठ्याने हसले. जगातले सगळे बाप एकाच बटणापाशी उभे असतात.

वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे. टबात लालभडक डाग. पोटात गोळाच आला. शेजारी जाऊन बघितलं तर केस रंगवायची लाल बाटली. इथे गेमने मला पकडलं. रिकामं घर, वादळ, विजेचा लपंडाव असं सगळं रचून त्याने मला भुताच्या गोष्टीची सवय लावली होती, आणि निघालं काय, तर दोन मुलींनी आरशासमोर घालवलेली एक संध्याकाळ. त्या टबासमोर मी उभी राहिले तेव्हा काहीच घडत नव्हतं. घड्याळ मात्र चालू होतं.

वडील लेखक. केनेडींचा खून टाळायला काळात मागे जाणाऱ्या माणसावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्या चालल्या नाहीत, आता ते टेप-स्टीरिओची परीक्षणं लिहून पोट भरतात. घरात त्यांच्या न खपलेल्या पुस्तकांचे खोके आहेत. हे खोके मी ओळखीच्या किमान चार घरांत पाहिलेत, पलंगाखाली, वर चादर टाकून.

आणि एक बारीकशी सोय. वस्तू उचलली की ती हातात फिरवून बघता येते, आणि मग जिथून उचलली नेमकी तिथेच परत ठेवता येते. ठेवलीच पाहिजे असं नाही, फेकूनही देता येते. मी एकूण एक वस्तू जागच्या जागी ठेवली. पेन्सिलीसुद्धा. परक्याच्या घरात कसं वागावं, हे कुणीही न सांगता त्या एका बटणाने माझ्याकडून करून घेतलं. माझ्या तीन तासांतला अर्धा तास तरी या आवराआवरीत गेला असेल.

*

आता हाच गेम एका मिनिटाच्या आत संपवता येतो. कुठे जायचं ते माहीत असलं की झालं. माळ्याची वाट धरायची, मधलं सगळं सोडून द्यायचं, शेवट. हा काही चोरमार्ग नाही, गेममध्येच तशी वाट आहे आणि असं पळणाऱ्यांच्या शर्यतीही लागतात.

मग भाच्याच्या वहीत काय लिहायचं? किंमत तेव्हा वीस डॉलर. पळणाऱ्याला तासाला बाराशे डॉलर पडले. मला तासाला साडेसहा. एकच गेम, एकच किंमत. दुकानदाराने मापात मारलं म्हणावं तर माप त्याच्याकडे नाहीच, ते आपण घरून घेऊन गेलो होतो.

मला वाटतं, फिरण्याच्या गेमच्या बाबतीत भाच्याचा भागाकार इथेच अडतो. शेतीच्या गेममध्ये पीक यायला इतके दिवस लागतात, गाय दूध द्यायला इतके. वेळ गेममध्ये भरलेला असतो, बाटलीत तेल भरावं तसा. इथे वेळ भरलेला नसतो. तुम्ही थांबलात तर तो असतो.

*

तरीही किमतीवरून चिडणारा माणूस अडाणी असतो, असं मी म्हणणार नाही. ‘गॉन होम’ आला १५ ऑगस्ट २०१३ ला. तेव्हा आपल्याला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किंमत दिसत नव्हती, डॉलर मोजावे लागत. आणि त्याच महिन्यात रुपया गडगडत होता, महिनाअखेरीला तर डॉलरला ६८ च्या पुढे गेला होता. म्हणजे ज्याने पंधरा ऑगस्टला घेतला त्याला बाराशेच्या वर पडला, जो ‘बघू पगार झाल्यावर’ म्हणाला त्याला तेराशे साडेतेराशे. तीन तासांच्या एका रिकाम्या घरासाठी. गेम जिथे बनला त्या पोर्टलंडमधल्या वीस डॉलरचा आणि पुण्यातल्या तेराशे रुपयांचा अर्थ एक नसतो. ‘कलेला मोल नसतं’ हे वाक्य मी कधी उसने पैसे मागणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

*

आजोबा नाटकवेडे. त्यांच्या तरुणपणी संगीत नाटक रात्री सुरू झालं की एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर घेत पहाटेकडे सरकायचं. पुढे नाटकं आटोपशीर झाली. एकदा बालगंधर्वला दोन अंकी नाटक बघून आम्ही साडेअकराला घरी आलो, तर आजोबा चप्पल काढता काढता म्हणाले, ‘‘इतक्यात सुटलं? तिकिटाचे अर्धे पैसे परत द्यायला हवे होते लेकाच्यांनी.’’ नाटक त्यांना आवडलं होतं. पुढे चार दिवस त्यातले संवाद म्हणत होते.

एकांकिकेला मात्र ते असं कधी म्हणाले नाहीत. एकांकिका म्हटल्यावर माणूस तासाभराचीच तयारी करून जातो. गेमच्या जगात एकांकिकेला वेगळं नावच नाही. पंधरा मिनिटांचाही गेम आणि दीडशे तासांचाही गेमच. ब्रेंडन चंग यांचा २०१२ चा ‘थर्टी फ्लाइट्स ऑफ लव्हिंग’ पंधरा मिनिटांत संपतो. जेसन रोरर यांचा २००७ चा ‘पॅसेज’ पाच मिनिटांचा, तोही एका माणसाचं अख्खं आयुष्य घेऊन. आपल्याकडे कथा, दीर्घकथा, लघुकादंबरी, कादंबरी अशी उतरंड आहे, आणि दिवाळी अंक हातात घेणारा पानं मोजून भांडत नाही. (जाहिरातींची पानं मोजून भांडतो, ते वेगळं.)

*

आजोबांचा ‘अर्धे पैसे परत’ जून २०१५ मध्ये खरा झाला. स्टीमने नियम काढला: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत, कारण विचारणार नाही. नियम चांगला आहे. बिघडलेला, न चालणारा गेम गळ्यात पडलेल्यांना त्याचा फार आधार. मीही दोनदा घेतलाय.

पण दोन तासांची रेघ ज्या गेमच्या अंगावरूनच जाते, त्यांचं काय? २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘समर ऑफ ’५८’ हा भुताचा छोटा गेम बनवणाऱ्या एमिका गेम्सच्या माणसाने जाहीर केलं की मी हे काम बेमुदत सोडतोय. गेम दोन तासांच्या आत संपणारा. लोक पूर्ण खेळत होते, चांगलं लिहीतही होते, आणि नियमात बसून पैसे परत घेत होते. खानावळीत ताट चाटूनपुसून साफ करायचं, ‘आमटी फक्कड होती हं’ म्हणायचं, आणि हात धुऊन आल्यावर पैसे परत मागायचे. खानावळवाल्या मावशींनी काय केलं असतं ते सांगायला नको.

तेवढ्यावरून दोन तासांची रेघ एक तासावर आणा, असंही मला म्हणवत नाही. कुठेही आणली तरी तिच्या अलीकडे कुणीतरी राहणारच. आणि एक चोरटा परिणाम आहेच: रेघ पार करण्यासाठी बनवणारा पाणी घालू लागतो. दाराला एक जादा किल्ली, ती किल्ली तळघरात, तळघराचा दिवा गेलेला.

*

पाचशे रुपयांचा गेम घेतला असं धरू. दुकान सर्वसाधारणपणे ३० टक्के ठेवून घेतं. राहिले साडेतीनशे. पण पूर्ण किमतीला घेतो कोण? भाचा तर सेलशिवाय हात लावत नाही. अर्ध्या किमतीला घेतला तर बनवणाऱ्याकडे १७५, त्यातून कर, संगीत देणाऱ्याचे, आवाज देणाऱ्याचे. ही माझ्या मिनिटाच्या दरासारखीच गत. फक्त मला मिनिटं तरी मोजून मिळतात.

*

‘गॉन होम’मध्ये एकही माणूस दिसत नाही. आवाज ऐकू येतो, फोटो दिसतात, माणूस नाही. बनवणारी चार माणसं. आधी मोठ्या कंपनीत ‘बायोशॉक २’च्या ‘मिनर्व्हाज डेन’ या जोडभागावर काम केलेल्या काहींनी बाहेर पडून पोर्टलंडमध्ये एकत्र घर भाड्याने घेतलं, तळघरात टेबलं टाकली. चालतीबोलती माणसं उभी करायची म्हणजे चेहरे, हालचाली, ओठ, कितीतरी हात लागतात. तेवढे हात नव्हते. घर रिकामं असायचं कारण जितकं कथेत आहे तितकंच खिशातही आहे. आपल्या प्रायोगिक नाटकवाल्यांना हे कळेल. दोन खोके आणि एक खुर्ची ही शैली आधी नाइलाज म्हणून येते.

*

जून २०२०. लॉकडाउन. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या दुकानाने वांशिक न्यायाच्या कामासाठी निधी उभा करायला एक गठ्ठा काढला: कमीत कमी पाच डॉलर द्या आणि १,७०० हून जास्त गेम आणि इतर चिजा घेऊन जा. ८० लाख डॉलरच्या वर जमा झाले. मीही दिले. गठ्ठ्यात ‘अ शॉर्ट हाइक’ होता, माझी त्याची ओळख तिथलीच.

त्या सतराशेंपैकी मी आजवर नऊ उघडलेत. गेममागे पंचवीस पैसेसुद्धा पडले नाहीत, आणि तरी न उघडलेल्या यादीकडे बघितलं की किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनातून आणलेल्या माझ्या पाच किलो कादंबऱ्या आठवतात. तराजूवर ठेवताना काय आनंद झाला होता! त्यातली एक वाचली. ती पातळ होती.

*

एक तक्रार, नाव न घेता. ‘गॉन होम’नंतर पत्रं सापडण्याची साथ आली. परवा एक दोन तासांचा गेम घेतला. टेकडीवरचं घर, धुकं, पियानो. प्रत्येक टेबलावर एक डायरीचं पान आणि प्रत्येक पानावर कुणीतरी कुणाची तरी माफी मागतंय. कपाटं उघडत नव्हती. खिडकीबाहेरचं झाड आणि पुढच्या खिडकीबाहेरचं झाड एकच होतं. दीड तास झाला तेव्हा मला कळलं की इथे थांबून बघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. हा छोटा नव्हता, रिकामा होता. छोटा आहे म्हणजे मनापासून केलेला असणार, ही समजूत मी बरीच वर्षं बाळगली. दुकानदार साधा दिसतो म्हणून तूप चोख असतं असं नाही.

पैसे परत घेतले नाहीत. दोन तास दहा मिनिटं झाली होती.

*

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) दोनेक तासांचा. २०१८ साली त्याला बाफ्टाचं सर्वोत्तम गेमचं पारितोषिक मिळालं, भल्याथोरल्या गेमना मागे टाकून. त्यातला एकच प्रसंग सांगते. लुइस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या अंगठ्याने मासा ओढायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की धड पट्ट्यावर फेकायचं. परत मासा. परत पातं. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या मनातलं एक चित्र उगवतं, छोटासा माणूस चक्रव्यूहात फिरतोय, आणि त्याला चालवायचा डाव्या अंगठ्याने. उजवा हात मासे कापतोय, डावा स्वप्नात. स्वप्न हळूहळू मोठं होत जातं, गावं येतात, नावा येतात, राज्य येतं, आणि मासे झाकले जातात. सगळा पडदा स्वप्नाने भरला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा उजवा अंगठा अजून मासे कापतोय. न बघता. बिनचूक.

आई मालिका बघत लसूण सोलते. हाताकडे ढुंकून बघत नाही. चाळीस वर्षं मी ते बघत आले होते, त्याचा अर्थ एका अंगठ्याने सांगितला. मोठ्या गेममध्ये हा कारखाना असता तर आठ वेळा आला असता, दर वेळी मासे थोडे जास्त. इथे तो एकदाच आहे. त्या एकदाच असण्याचे पैसे द्यायला माझी ना नाही.

*

‘असॅसिन्स क्रीड २’ (२००९) मध्ये इटलीभर विखुरलेली शंभर पिसं गोळा करायची असतात. भाच्याने केली. मी विचारलं, कुठली लक्षात आहे? ‘‘शेवटची. कारण ती सापडतच नव्हती.’’

‘अ शॉर्ट हाइक’मध्येही पिसं आहेत, सोनेरी. हातापायांच्या बोटांवर मोजता येतील इतकी. एकेक पीस मिळालं की थोडं जास्त चढता येतं, थोडं जास्त उडता येतं. त्यातली कुठली कुठे मिळाली ते मी आजही सांगू शकेन.

*

‘वेन्बा’ फिरण्याचा गेम नाही, स्वयंपाकाचा आहे, पण दीड तासात संपतो आणि त्याच्याही किमतीवरून कुरकुर झाली. टोरँटोत बनलेला, २०२३ चा. कॅनडात राहायला गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या पाककृतींची फाटकी वही, अक्षरं पुसट झालेली. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या हे अंदाजाने ओळखायचं कोडं आहे त्यात. न्यू यॉर्कच्या माणसाला दहा मिनिटं लागत असतील. मी अर्ध्या मिनिटात सोडवलं. ज्ञान असल्यामुळे मला गेम महाग पडला.

*

आपल्या जवळचे दोन. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा मारामारीचा, शतपावली नव्हे. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो तडीस नेला. पाच-सहा तासांत संपतो, आणि संपतो तो मध्येच दार लावल्यासारखा. तिथे मात्र माझी तक्रार खरीच लांबीची होती, भित्तिचित्रांतून चालताना मला अजून हवं होतं. दुसरा गोव्यातल्या अरमान संधू यांचा ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१). लिहिणं अडलेला एक लेखक, समुद्राकाठचं लहानपणीचं घर विकायच्या आधी तिथली शेवटची भेट. तो रेंगाळतो. इतका, की मध्येच उठून मी कूकर लावून आले. पण विकायला काढलेल्या घरात माणूस रेंगाळणारच.

*

अ‍ॅडम रॉबिन्सन-यू हा कॅनडातला माणूस एका मोठ्या गेमवर अडकला होता. तो बाजूला ठेवून त्याने काही महिन्यांत ‘अ शॉर्ट हाइक’ हा छोटा केला. जुलै २०१९ मध्ये आठ डॉलरला विकायला आला, आणि २०२० साली स्वतंत्र गेमच्या महोत्सवात सर्वांत वरचं पारितोषिक घेऊन गेला. मोठ्यातून पळून जाऊन केलेल्या छोट्या कामांची एक वेगळीच तब्येत असते.

क्लेअर नावाचं पाखरू मावशीकडे सुट्टीला आलंय. (मावशी! म्हणून तर हा गेम भेट म्हणून निवडला, भाच्याला ते कळलं की नाही देव जाणे.) तिला एका फोनची वाट बघायचीये आणि खाली रेंज नाही. रेंज डोंगराच्या माथ्यावर. बस, एवढ्यासाठी चढायचं. वाटेत कुणी वाळूचा किल्ला करतंय, कुणी शर्यत लावू या म्हणतंय, कुणी गळ टाकून बसलंय. थांबायचं तर थांबा. माथ्यावर फोन येतो. कुणाचा ते सांगत नाही.

मग उतरायचं. पंख पसरायचे आणि सोडून द्यायचं. चढताना तास गेला होता, आता सगळं बेट एका मिनिटात पायाखालून जातं. तो किल्ला, ती शर्यतीची वाट, तो गळवाला, सगळे ओळखीचे, सगळे इवलेसे. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मुद्दाम वळसे घेत होते, जमीन लवकर येऊ नये म्हणून.

*

रविवारी बहिणीकडे गेले होते. भाचा खोलीत खेळत होता, मी मागे उभी. पडद्यावर तेच बेट. डोंगराकडे पाठ करून क्लेअर ओढ्याकाठी गळ टाकून बसलेली.

‘‘वर नाही जायचं?’’

‘‘जाईन की. घाई काय.’’

थोड्या वेळाने त्याने वही ओढली, आडव्या रेघेचं पान काढलं आणि विचारलं, ‘‘मावशी, दुसऱ्यांदाचे तास धरायचे का गं?’’

‘‘तुझी वही.’’

त्याने पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल शोधायला लागला.